आठव्या गल्लीतले छत्तीस गरोदर

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीतल्या छत्तीस जणांना एकदम दिवस गेले. त्यात एकवीस पुरुष होते.

बातमी सगळ्यात आधी उपाध्ये सरांना कळली. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि फोनवर आलेला प्रत्येक मजकूर स्वल्पविरामासकट वाचतात. वय एकाहत्तर. ते फोन हातात धरून, लेंग्यावर बंडी घालून, आमच्या दारात उभे राहिले.

"मगदूम, हे काय आहे?"

मी वाचलं. 'अभिनंदन! आपल्याला पाचवा आठवडा सुरू आहे. बाळ सध्या तिळाएवढे आहे. सुखरूप विमा परिवाराकडून शुभेच्छा. गरोदरपणाचा खर्च पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत मिळत नाही.'

"अभिनंदन, सर."

"मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही गंभीरपणेच सांगतोय. मलाही आलाय. आण्णांनाही आलाय."

सरांनी आत डोकावून आमच्या आण्णांकडे पाहिलं. आण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्रेसष्ट वर्षांचे. ते शांतपणे चहात टोस्ट बुडवत होते.

"बसा सर," आण्णा म्हणाले. "अशा दिवसांत उभं राहू नये म्हणतात."

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण चूक माझी होती.

मी अकलंक मगदूम, वय सत्तावीस, सुखरूप विमा कंपनीचा एजंट. म्हणजे तेव्हा होतो. आठव्या गल्लीतल्या सगळ्या पॉलिसी मीच विकल्या होत्या. पॉलिसीबरोबर प्रत्येकाला एक टिकली मिळायची. कंपनीने तिचं नाव काहीतरी भारदस्त ठेवलं होतं, पण ती टिकलीएवढी होती आणि अंगाला चिकटवायची होती, त्यामुळे लोक टिकलीच म्हणायचे. पुरुष मंडळी थोडे दिवस तिला 'बटण' म्हणत होती. नंतर तीही दमली.

या टिकलीच्या मागच्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत, म्हणून दुखत नाहीत. कातडीच्या पेशींच्या मधे एक पातळ द्रव सतत झिरपत असतो, तिथपर्यंत त्या जातात. रक्तात जे फिरतं त्याचा थोडाथोडा अंश या द्रवात उतरतो. साखर, सूज आल्यावर वाढणारी प्रथिनं, हृदयाच्या स्नायूला ताण पडला की त्यातून सुटणारी प्रथिनं, असे तीसेक पदार्थ टिकली मोजते आणि जोडीला नाडीही. रोज एक तास लावायची. ती नोंदी साठवते आणि मालकाच्या फोनजवळ आली की ओतून मोकळी होते. मग कंपनीचा संगणक सांगतो की पुढच्या तीन वर्षांत या माणसाला काय काय होणार. त्याचा एक आकडा निघतो, शंभरपैकी. त्याला म्हणायचं आरोग्यांक.

इथपर्यंत विज्ञान. पुढे विमा. आरोग्यांक घसरला की हप्ता वाढणार. आणि टिकलीने आधीच वर्तवलेला आजार झाला तर तो 'आधीपासूनचा आजार', त्याचा खर्च नाही. म्हणजे जो आजार तुम्हाला होणार हे कंपनीला कळलं, तो सोडून बाकी सगळ्या आजारांचा विमा.

टिकली कोणाच्या अंगावर आहे हे मात्र कंपनीला कळत नव्हतं. माणसाची ओळख पटवणारी शारीरिक माहिती साठवायची नाही, असा एक कायदा झाला होता. हप्ता ठरवताना बाई-पुरुष हा भेद करायचा नाही, असा दुसरा. दोन्ही कायदे चांगले आहेत. त्यामुळे कंपनीचा संगणक सगळ्या मानवजातीकडे सारख्याच नजरेने बघायचा. गरोदरपणी वाढणारं संप्रेरक तो सगळ्यांचंच तपासायचा, कारण बाळंतपण म्हणजे खर्च, आणि खर्च येतोय हे कंपनीला बाळाच्या बापाच्या आधी कळायला हवं असतं.

आणि आमच्या गल्लीत त्रिशलावहिनी राहायच्या.

त्रिशलावहिनी म्हणजे सुकुमार चौगुलेची बायको. सुकुमार सूतगिरणीत. वहिनी शाळेत खेळाच्या शिक्षिका, कंत्राटी, त्यामुळे त्यांना स्वतःला विमा नाही. रोज सकाळी सहाला घरातून निघून उदगावच्या पुढे कृष्णेच्या पुलापर्यंत पळत जायच्या आणि पळत यायच्या. बसल्यावर नाडी मिनिटाला सत्तेचाळीस. एकदा मी गंमत म्हणून माझी टिकली त्यांच्या दंडाला लावून दिली. माझा आरोग्यांक एकसष्टवरून सत्त्याण्णववर गेला आणि कंपनीने मला प्रेरणादायी ग्राहक म्हणून चषक पाठवला.

मग मी आण्णांची टिकली दिली. त्यांचा आकडा अडतीस होता आणि हप्ता पेन्शनच्या निम्म्याला पोचला होता. मग उपाध्ये सरांनी माझ्याकडे बघून नुसतं खाकरलं. दोन महिन्यांत छत्तीस झाल्या. कोणती टिकली कोणाची हे कळावं म्हणून आईची तीन आप्पेपात्रं घेतली, बारा खळग्यांची. एकेका खळग्याला घरनंबर आणि नाव. घरात आप्पे होणं बंद झालं. या प्रकरणातलं ते पहिलं नुकसान.

सकाळी सहाला मी पात्रं घेऊन जायचो. वहिनी दोन्ही दंडांवर आणि कमरेवर टिकल्या चिकटवून पळायला जायच्या. साडेसातला मी दूधवाल्यासारखा घरोघर वाटून यायचो. त्यांना दर टिकलीमागे महिन्याला थोडे पैसे मिळायचे. त्यातून त्यांनी शाळेच्या मुलींसाठी चांगल्या प्रतीचे बूट घेतले.

गल्लीच्या तोंडालाच नागरी दवाखाना आहे, तेही सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी कायदा झाला होता. राज्यात राहणाऱ्या कुणालाही, कसलाही आजार, उपचार मोफत. कायदा खरोखर अमलात आला, तेव्हा लोकांना थोडा धक्काच बसला. पण तिथे केसपेपरला रांग, मोठ्या तपासण्यांचे नमुने कोल्हापूरला जाणार, रिपोर्टला आठ दिवस, आणि डोक्यावर असा पंखा की तो वारा घालतोय की तक्रार करतोय ते कळू नये. टिकली तर तिथे नव्हतीच, तिची निविदा चार वर्षं फिरत होती. आठव्या गल्लीतले लोक तिथे जात नसत असं नाही. कुत्रं चावलं की जात. बाकी आजारांना सुखरूपचं हॉस्पिटल, जिथे सोफा आणि कॉफी असते. कॉफी चांगली असते. मी प्यायलो आहे.

*

सोमवारी नऊ वाजता मी वहिनींच्या घरी गेलो. त्या शाळेला निघाल्या होत्या, गळ्यात शिट्टी.

"वहिनी, पेढे काढा."

"कशाचे, भावजी?"

"मला दिवस गेलेत."

"सकाळी सकाळी काय हो?"

"आण्णांना पण. उपाध्ये सरांना पण. टिकलीवाल्या छत्तीसच्या छत्तीस जणांना."

खेळाची शिक्षिका असली तरी गणित चांगलं होतं. त्या दारातल्या पायरीवर बसल्या. शिट्टी तोंडात नव्हती हे बरं झालं. लग्नाला सात वर्षं झाली होती.

पाच मिनिटांनी सुकुमार पाळीवरून घरी आला. बायको रडतेय आणि मी पेढ्यांचा डबा शोधतोय, असं दृश्य.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे गल्लीत सगळ्यात शेवटी मला कळलं?"

"शेवटी नाही रे. कंपनीच्या दृष्टीने तू या प्रकरणात नाहीसच."

आता टिकल्यांचं काय करायचं, यावर उपाध्ये सरांच्या सोप्यात बैठक झाली. बंद करावं तर ज्याचे त्याचे खरे आकडे उघडे पडणार. सर म्हणाले, गरोदरपण हा आजार नव्हे, सबब हप्ता वाढण्याचं कारण नाही. आणि खरंच वाढला नाही. वहिनी म्हणाल्या, मला काही त्रास नाही, चालायला जातेच आहे तर घालते. डॉक्टरांकडे त्या एकदाच जाऊन आल्या होत्या, नागरी दवाखान्यात. तिथे केसपेपर निघाला, गोळ्या मिळाल्या, सगळं ठीक म्हणाले.

पुढचे काही महिने आमच्या गल्लीत जे चाललं त्याला माझ्याकडे शब्द नाही. छत्तीस फोनवर रोज बाळाची खबर यायची. आज लिंबाएवढं. आज पेरूएवढं. उपाध्ये सर ते वाचून वहिनींना गाठायचे. "चौगुलेबाई, आज कान तयार झाले. जपून बोला." डाळिंब खाल्लं का, हे वहिनींना दिवसातून छत्तीस वेळा विचारलं जायचं. कंपनीने सगळ्यांना लोहाच्या गोळ्यांचे डबे पाठवले, तेही वहिनींकडेच जमा झाले. बाविसाव्या आठवड्यात बाळ पहिल्यांदा हललं, तेव्हा सर आमच्याकडे येऊन म्हणाले, "माझ्या फोनवर कालच आलं होतं, आज हलेल म्हणून." त्यांच्या आवाजात अभिमान होता. सरांना मूलबाळ नाही.

याच दिवसांत आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना थांबायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायचे. सुखरूपच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. तीन नळ्या तुंबलेल्या, बायपास लागणार. कंपनीच्या संगणकाने अर्ज एका मिनिटात मंजूर केला. आण्णांचा आरोग्यांक पंच्याण्णव होता, त्यामुळे आजार अचानक उद्भवलेला ठरला, आधीपासूनचा नव्हे. फक्त पेशंट गरोदर असल्यामुळे ऑपरेशनच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असावेत, त्यांची फी वेगळी मंजूर, असा शेरा होता.

"चांगली कंपनी आहे," आण्णा म्हणाले.

ऑपरेशनची तारीख ठरली अठरा.

*

नऊ तारखेला सकाळी आठला छत्तीस फोन पुन्हा एकदम वाजले. या वेळी मजकूर पिवळ्या चौकटीत होता.

गर्भाला अन्न पुरवते ती वार. ती आईच्या रक्तात दोन प्रकारची प्रथिनं सोडते. एक नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं, दुसरं त्या वाढीला आवर घालणारं. दोघांचं प्रमाण ठीक असेल तर सगळं ठीक. वारेला पुरेसं रक्त मिळेनासं झालं की दुसरं वाढतं आणि पहिलं घटतं. आईला तेव्हा काही जाणवत नाही. रक्तदाबही बरा असतो. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो एकदम चढू शकतो, इतका की झटके येतात, आणि मग आई आणि बाळ दोघांचंही सांगता येत नाही. वहिनींच्या अंगावरच्या टिकल्यांना हे प्रमाण उलटताना दिसलं होतं. मजकुरात शेवटी लिहिलं होतं, 'त्वरित स्वखर्चाने डॉक्टरांना भेटावे.'

निरोप छत्तीस जणांना गेला. जिच्या पोटात बाळ होतं तिला नाही, कारण तिची पॉलिसी नव्हती.

मी तो वाचला आणि फोन खिशात ठेवला. सांगितलं तर वहिनी दवाखान्यात जाणार. डॉक्टर विचारणार, हे कुठून कळलं. मग टिकल्या. मग सुखरूप. मग अठरा तारीख. आण्णा तर आता चप्पल घालतानाही थांबायला लागले होते. मी स्वतःला म्हणालो, उपाध्ये सर सांगतील. सर सगळं वाचतात.

दहा तारखेला मी पात्रं घेऊन गेलो आणि काही बोललो नाही. आप्पेपात्रं वाजू नयेत म्हणून मधे फडकं घालायचो, त्या दिवशी विसरलो. गल्लीभर आवाज झाला.

अकरा तारखेला वहिनी टिकल्या चिकटवताना म्हणाल्या, "भावजी, जरा बुटाची नाडी बांधता का? पाय सुजलेत, वाकता येईना. आणि ही अंगठी बघा, निघतच नाही. होतं म्हणे असं."

मी खाली बसून नाडी बांधली. एक गाठ, वर दुसरी. मग खालूनच म्हणालो, "वहिनी, आज चालायला जायचं नाही. दवाखान्यात जायचं. परवा मेसेज आलाय."

"परवा?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चला."

*

नागरी दवाखान्यात डॉक्टर शिरगुप्पे मॅडम होत्या. त्यांनी रक्तदाब घेतला. एकशे चौतीस, शहाऐंशी. काठावरचा. मी फोन पुढे केला आणि सगळं सांगितलं, आप्पेपात्रांसकट.

मॅडमनी फोनमधला नोंदींचा आलेख पाहिला.

"खरं असेल तर आजच दाखल करून घ्यावं लागेल. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं असतात, ती बाळ येण्याच्या आधीच्या आठवड्यात दिली तर उपयोगी. फार आधी दिली तर वाया, उशिरा दिली तर तीही वाया. नमुना कोल्हापूरला पाठवते, पण आठ दिवस लागतील. आणि तुमच्या या टिकलीची चूक शंभरात पंधरा असते. एका टिकलीच्या भरवशावर मी इंजेक्शन देणार नाही."

"छत्तीस होत्या, मॅडम."

"छत्तीस वेगवेगळ्या बायकांवर?"

"एकाच बाईवर. एकाच वेळी. आठ महिने."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि केसपेपरच्या मागे गणित मांडलं. एक टिकली चुकते तेव्हा कधी जास्त दाखवते, कधी कमी. एकाच शरीरावर अनेक लावल्या तर या चुका एकमेकींना खातात. चूक किती उरते? टिकल्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने भागायचं. छत्तीसचं वर्गमूळ सहा. पंधराला सहाने भागा, अडीच.

"इतकी बारकाईची मोजणी मी मोठ्या प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "कुठल्याही शास्त्रज्ञाला एका पेशंटला छत्तीस यंत्रं लावायची परवानगी मिळाली नसती. तुम्हाला कोणी दिली?"

"कोणी नाही. ही फसवणूक आहे."

"हं. मला चूक तीनच्या आत हवी. म्हणजे निदान सव्वीस जणांच्या नोंदी. आणि दुसऱ्याच्या फोनवरची नोंद मला अशीच घेता येत नाही. प्रत्येकाने स्वतः यायचं आणि सही करायची, की ही नोंद माझ्या शरीराची नाही. सही सरकारी नोंदीत जाते. ती विमा कंपन्यांना दिसते."

"केव्हापर्यंत?"

"पहिलं इंजेक्शन मला आजच द्यायला आवडेल."

*

आण्णा सोप्यात बसून शेंगा सोलत होते. मी समोर बसलो.

"आण्णा, एक सही लागणार आहे. सही केली की अठरा तारीख गेली."

"कशाची सही?"

मी सांगितलं. ते शेंगा सोलत राहिले.

"त्या पोरीला कळलं?"

"सकाळी सांगितलं."

"मेसेज कधी आला होता?"

"परवा."

आण्णांनी एक शेंग फोडली. तीत दाणाच नव्हता. तिच्याकडे बघत म्हणाले, "मलाही परवाच आला होता, अक्या."

मी त्यांच्यासमोरची टरफलं गोळा केली.

"मी म्हटलं तू सांगशील," आण्णा म्हणाले.

"मी म्हटलं उपाध्ये सर सांगतील."

"आणि सर म्हणाले असतील मगदूम सांगतील. अख्खी गाडी भरलेली, आणि दोरी ओढायची कुणी? प्रत्येकाला वाटतंय कंडक्टर ओढेल." ते उठले, एका हाताने खांब धरून. "चप्पल दे इकडं."

आई आतून म्हणाली, "अहो, आणि तुमच्या छातीचं?"

"तिथं दवाखानाच आहे. आईस्क्रीमच्या दुकानात चाललो नाही."

आण्णा गल्लीतून घरोघर गेले. प्रत्येक दारात थांबायचे, अर्धं बोलण्यासाठी आणि अर्धं दमायला. फारसं काही बोलले नाहीत. "माझं ऑपरेशन होतं अठराला. मी चाललोय. येणार असलात तर फोन चार्ज करून आणा." एवढंच. माणूस धापा टाकत हे सांगतोय म्हटल्यावर दार लावून घेणं अवघड जातं. तरी काहींनी लावलं. त्यांचीही कारणं होती. एकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलेलं, एकाच्या मुलीचं डायलिसिस कंपनीच्या पैशावर चाललेलं. मी त्यांना काही म्हणालो नाही. मी स्वतः दोन दिवस खिशात घालून फिरलो होतो.

दहा वाजता दवाखान्यात रांग लागली. आण्णांनी ती लावली, बायका पुढे, म्हातारे नंतर, सुट्टे तयार ठेवा असंही सवयीने म्हणाले. केसपेपर काढणाऱ्या मुल्लाबाई चष्मा पुसून खिडकीत बसल्या. नोंद ज्याच्या नावाच्या फोनवर आहे त्याच्याच केसपेपरला जोडता येते, आणि तक्रारीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असा नियम होता.

"नाव?"

"जिनाप्पा मगदूम."

"वय?"

"त्रेसष्ट."

"तक्रार?"

"गरोदर."

मुल्लाबाईंनी मान वर केली नाही. "कितवा महिना?"

"आठवा."

"पहिलंच?"

"नाही, आधीचा एक आहे. हा काय शेजारी उभा आहे."

"बसा. पुढचा."

त्या दवाखान्याची गंमत अशी की केसपेपर निघाला की रक्तदाब आणि साखर तपासल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत. त्यामुळे आठव्या गल्लीचे खरे आकडे कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच बाहेर आले. चौघांना साखर निघाली, त्यांना माहीत नव्हती. मला एकशे पन्नास, शहाण्णव. मॅडम म्हणाल्या, प्रेरणादायी ग्राहकाने मीठ कमी करावं.

बारा वाजेपर्यंत एकोणतीस जण झाले. मॅडमनी सगळ्या नोंदी एकत्र केल्या, संगणकाकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. वहिनींना पहिलं इंजेक्शन बारा वाजून वीस मिनिटांनी दिलं.

आम्ही निघणार तेवढ्यात उपाध्ये सर आले. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात छापील पानांची चळत. त्यांनी आठ महिन्यांच्या सगळ्या नोंदी कागदावर काढून, तारीखवार लावून, पिनेने टाचून आणल्या होत्या.

"सर, पुरे झाले," मी म्हणालो. "इंजेक्शन दिलंसुद्धा. तुम्ही कशाला पॉलिसी घालवता?"

"मगदूम, मला आठवा महिना आहे. मला दवाखान्यात येऊ नको म्हणणारा तू कोण?"

त्यांनी सही केली. मग थोडं थांबून मुल्लाबाईंना म्हणाले, "मी परवा वाचलं होतं. स्वल्पविरामासकट. तेही कुठं लिहायचं असेल तर सांगा."

मुल्लाबाई म्हणाल्या, तसा रकाना नाही.

*

सहाव्या दिवशी दुपारी वहिनींचा रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला. त्या वेळी त्या दवाखान्याच्याच खाटेवर होत्या, हाताला सलाईन, समोर नर्स, डोक्यावर तक्रार करणारा पंखा. तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी. एक किलो सातशे. फुप्फुसं तयार होती. ती रडली तेव्हा बाहेर सुकुमार भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि उपाध्ये सर घड्याळात बघून वेळ टिपून घेत होते.

ही बातमी मला गल्लीत सगळ्यात शेवटी कळली. मी सुखरूपच्या चौकशी अधिकाऱ्यासमोर बसलो होतो. तीस पॉलिसी रद्द झाल्या, माझं एजंटपण गेलं, खटला अजून चालू आहे. रद्द केल्याच्या पत्राखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'या नाजूक काळात मानसिक ताण टाळावा.' पत्र पाठवणारं खातं वेगळं आणि शुभेच्छांचं वेगळं, आणि दुसऱ्याला पहिल्याने काही कळवलं नव्हतं.

अठरा तारीख आली आणि गेली. आण्णांना मोठ्या सरकारी रुग्णालयाची तारीख मिळाली, सत्तेचाळीस दिवसांनंतरची. सुखरूपमध्ये सात दिवसांत झालं असतं. हे मी कुणापासून लपवत नाही. त्या सत्तेचाळीस दिवसांत दोनदा त्यांच्या छातीत कळ आली. दोन्ही वेळा आम्ही त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं, दोन्ही वेळा मुल्लाबाईंनी केसपेपर नंतर काढला आणि आधी आत घेतलं. मी रोज आण्णांचे श्वास मोजायचो. टिकली नव्हती, त्यामुळे डोळ्यांनीच. जिन्यात ते कॅलेंडर वाचायला थांबले की मीही थांबून वाचायचो. त्या महिन्याच्या सगळ्या तिथी मला पाठ झाल्या.

सत्तेचाळिसाव्या दिवशी बायपास झाली. खाटा दाटीने लावलेल्या, कॉफी नाही. डॉक्टरांनी आपलं नाव सांगितलं आणि आण्णांचं विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

ऑपरेशननंतरच्या सातव्या दिवशी मी आण्णांच्या खाटेशी बसलो होतो. त्यांच्या छातीवर उभी पट्टी, आणि हसू नका, टाके दुखतील, अशी ताकीद. आई मऊ भात भरवत होती. त्रिशलावहिनी मुलीला घेऊन भेटायला आल्या होत्या. ती आता अडीच किलोची झाली होती आणि आण्णांच्या पायापाशी झोपली होती.

तेवढ्यात आण्णांचा फोन वाजला. मग माझा. तो दिवस प्रसूतीचा होता, शुभेच्छांच्या खात्याने आठ महिन्यांपूर्वी काढून ठेवलेला.

'अभिनंदन! कृपया बाळाची माहिती भरा.'

"भर," आण्णा म्हणाले.

"कशाला, आण्णा? पॉलिसी गेली."

"विचारतायत तर सांगायला काय जातंय? मुलगी. वजन एक सातशे."

मी भरलं. माझं एजंटचं खातं बंद करणंही बहुधा कुठल्या तरी तिसऱ्या खात्याकडे असावं, कारण ते अजून उघडत होतं. त्यात आठव्या गल्लीचं पान काढून पाहिलं. उत्तरं येत होती. तासाभरात छत्तीस झाली. ज्या सहा जणांनी सही केली नव्हती, त्यांचीही आली. मुलगी, एक किलो सातशे. मुलगी, एक किलो सातशे. उपाध्ये सरांनी वजनासमोर वेळही लिहिली होती, सेकंदासकट.

"झालं?" आण्णांनी विचारलं.

"एक राहिलंय. प्रसूती कशी झाली? नैसर्गिक की शस्त्रक्रियेने?"

आण्णांनी मान खाली करून आपल्या छातीवरच्या पट्टीकडे पाहिलं. हसू दाबल्यामुळे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शस्त्रक्रिया लिही," ते म्हणाले.